फॉर्मेंतेरावर मुलांसह सायकल: दोन मुक्काम, तीन दिवस

फॉर्मेंतेरा हे स्पेनच्या बालेआरिक बेटांपैकी एक, इबिझाच्या अगदी दक्षिणेला. क्षेत्रफळ सुमारे ८३ चौरस किलोमीटर. बंदरापासून पूर्वेच्या टोकावरच्या ला मोलाच्या दीपगृहापर्यंत सायकलने साधारण २० किलोमीटर. सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर. विमानतळ नाही, यायचं ते बोटीनेच. हे आकडे वाचून अनेक कुटुंबं ठरवतात की एवढंसं बेट एका दिवसात सहज होईल, आणि पहिल्याच सकाळी ला मोलाच्या दीपगृहाकडे निघतात. मग भर दुपारी, अर्ध्या चढावर, पाणी संपलेलं असतं आणि आठ वर्षांचं मूल सायकल आडवी टाकून बसलेलं असतं. परतीचे पंधरा किलोमीटर अजून समोर असतात.

इथला दिवस बेटाच्या लांबीवरून आखू नका. घरातल्या सर्वांत लहान सायकलस्वाराचे पाय, त्या दिवशीचा वारा आणि दुपारचं ऊन, एवढ्या तीन गोष्टींवरून आखा. सहा ते आठ वर्षांचं, स्वतःची सायकल चालवणारं मूल दिवसाला १० ते १५ किलोमीटर आनंदाने करतं. नऊ ते बारा वर्षांचं २० ते ३०, आणि त्याहून मोठी मुलं ४० पर्यंत. मागच्या सीटवर बसणाऱ्या बाळाला अंतर जड जात नाही, पण सलग ४० मिनिटांपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवलं तर ते रडतं, आणि ते बरोबरच आहे. डांबरी रस्त्यावर अशा कुटुंबाचा वेग ताशी ८ ते १० किलोमीटर धरा, वाळूच्या पायवाटेवर त्याच्या निम्मा. थांबे त्यात धरलेले नाहीत.

कधी जावं

मे, जूनचा पहिला पंधरवडा, सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात. मेमध्ये दुपारचं तापमान विशीच्या थोडं वर असतं. समुद्र मात्र गार असतो, मुलं पाय बुडवून पळून येतात. सप्टेंबरअखेर समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि गर्दी ओसरलेली असते. पोहणं हा सहलीचा निम्मा भाग असेल तर हाच काळ निवडा. मात्र या दिवसांत अधूनमधून जोरदार वादळी पाऊस येतो, तेव्हा अर्धा दिवस बैठ्या खेळांसाठी मोकळा ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीला टेकतो, रस्त्यांवर स्कूटर आणि भाड्याच्या गाड्यांची रांग असते आणि बेटावर झाडांची सावली फार कमी आहे. त्या दोन महिन्यांत लहान मुलांना घेऊन सायकलने फिरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात रस्ते रिकामे असतात, पण हॉटेलं, उपाहारगृहं आणि सायकलींची दुकानं मोठ्या संख्येने बंद असतात.

बेटावर पोचणं

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस, या मुदतीत अर्ज करता येतो. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक असतो. तो घेताना एकच प्रश्न विचारा: भाड्याच्या सायकलवरून, त्यातही विजेच्या सायकलवरून पडून झालेली दुखापत त्यात धरली आहे का? काही पॉलिसी ती ‘साहसी खेळ’ म्हणून वगळतात.

इबिझाच्या विमानतळावरून इबिझा शहराच्या बंदरावर बस किंवा टॅक्सीने यायचं आणि तिथून फॉर्मेंतेराच्या ला साविना बंदराची बोट धरायची. जलद बोटी अर्ध्या तासाच्या आसपास घेतात, मोटारी नेणाऱ्या मोठ्या बोटी जवळजवळ तासभर. वारा असेल तर मोठी बोट घ्या. वेळ जास्त जातो, पण ती कमी हलते आणि पोरांच्या पोटातलं पोटातच राहतं. दोन्ही बेटांमधली सामुद्रधुनी उथळ आणि उघडी आहे. जोराचं वारं सुटलं की फेऱ्या रद्द होतात. म्हणून परतीच्या दिवशी बोट आणि विमान यांच्यात किमान चार तास ठेवा, आणि विमान सकाळचं असेल तर आदली रात्र इबिझातच काढा.

स्वतःच्या सायकली विमानातून आणण्याचा खटाटोप तीन दिवसांसाठी करू नये. घरून आणायच्या त्या चारच वस्तू: प्रत्येकाच्या डोक्याला बसणारं हेल्मेट, मुलांचे हातमोजे, हँडलला लावायची छोटी पिशवी आणि ज्या खोगिरावर मुलाला सवय आहे त्याच्या उंचीचं माप. हे माप म्हणजे पायडलच्या मधल्या दांड्यापासून खोगिराच्या वरच्या काठापर्यंतचं अंतर, सेंटिमीटरमध्ये. दुकानात उभं राहून पुन्हा पुन्हा अंदाज घ्यायला लागत नाही.

मुक्काम कुठे

बेटाचा मुख्य रस्ता, पीएम-८२०, ला साविना बंदरापासून सुरू होतो, सांत फ्रान्सेस्क आणि सांत फेर्रान या गावांवरून पूर्वेला जातो, एस कालो या मच्छीमार वस्तीपाशी चढाला लागतो आणि एल पिलार दे ला मोला गाव ओलांडून दीपगृहापाशी संपतो. सांत फ्रान्सेस्क हे मुख्य गाव, बंदरापासून ३ किलोमीटरवर. सांत फेर्रान साधारण मध्यावर. एस पुजोल्स उत्तर किनाऱ्यावर, सांत फेर्रानपासून २ किलोमीटरवर, आणि सर्वांत जास्त हॉटेलं तिथेच आहेत.

लहान मुलं असतील तर एस पुजोल्स घ्या: समुद्र पायाशी, दुकानं जवळ, आणि सोप्या वाटा दारातून सुरू होतात. मुलं दहाच्या पुढची असतील तर सांत फेर्रान, कारण तिथून बेटाची दोन्ही टोकं सारख्याच आवाक्यात येतात. ला मोलाच्या पठारावर मुक्काम करू नका. जागा सुंदर आहे, पण रोज संध्याकाळी थकलेल्या पायांनी तोच चढ चढावा लागतो. खोली ठरवताना सायकली रात्री आत ठेवायची सोय आणि विजेच्या सायकलची बॅटरी लावायला प्लग आहे का, हे लिहून विचारा. बालेआरिक बेटांवर पर्यटक कर रोजच्या मुक्कामावर लागतो. १६ वर्षांखालील मुलांना तो माफ आहे.

सायकल भाड्याने घेताना

दुकानं बंदरावर उतरल्या उतरल्याच आहेत. गर्दीच्या बोटीतून सगळे एकदम उतरतात आणि मुलांच्या सायकली आधी संपतात, म्हणून मुलाची उंची कळवून आधीच नोंदणी करा. वयावरून सायकल मागू नका. १०० ते ११५ सेंटिमीटर उंचीला १६ इंची चाक, ११५ ते १३० ला २० इंची, १३० ते १४५ ला २४ इंची, त्यावर २६ इंची. खोगिरावर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. ‘एक माप मोठी घ्या, चालेल’ असं कोणी म्हटलं तर नकार द्या. मोठ्या सायकलवर मुलाची बोटं ब्रेकपर्यंत पोचत नाहीत, आणि उतारावर तेच घात करतं.

मोठ्यांसाठी रुंद टायरची, किमान ४५ मिलिमीटरची सायकल मागा. इथल्या वाटा दगडी, खडीच्या आणि अधूनमधून भुसभुशीत वाळूच्या आहेत. बारीक टायर त्यात रुततो, पुढचं चाक आडवं होतं आणि स्वार हँडलवरून जातो. रुंद टायरमध्ये २ ते २.५ बार, म्हणजे ३० ते ३५ पीएसआय हवा ठेवा. भाड्याच्या सायकलीत बहुतेकदा याहून जास्त हवा असते आणि सगळे हादरे मनगटात येतात. मुलं हलकी असतात, त्यांना आणखी थोडी कमी चालते.

विजेची सायकल आई किंवा बाबा यांच्यापैकी जो मागे बाळाची सीट नेणार आहे, त्याला घ्या. युरोपातल्या नियमाप्रमाणे तिची मोटर २५० वॅटची असते, पायडल मारल्याशिवाय चालत नाही आणि ताशी २५ किलोमीटरला बंद होते. सायकलच मुळात विशीच्या पुढे किलोंची, त्यात बाळ आणि पिशव्या, म्हणजे वाळूत ती उचलून बाजूला करणं एकट्याचं काम नाही. लहान मुलांना विजेची सायकल देऊ नये.

ताब्यात घेण्याआधी दुकानासमोरच पंधरा मिनिटं द्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग मागचा दाबून ओढा, चाक घसरलं पाहिजे. इथे सर्वांत महत्त्वाची बाब: युरोपातल्या बहुतेक देशांत डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो. भारतात सायकल शिकलेल्याला उजव्या हाताने पुढचं चाक धरायची सवय असते. उतारावर घाबरून सवयीने दाबलेला चुकीचा ब्रेक म्हणजे तोंडावर पडणं. मुलांकडून मोकळ्या जागेत दहा-बारा वेळा थांबण्याचा सराव करून घ्या आणि डाव्या ब्रेकच्या मुठीवर रंगीत टेप गुंडाळा. चाकं फिरवून टायरला चीर आहे का पाहा. चेन कोरडी, लालसर असेल तर दुकानातच तेल घालून घ्या. खाऱ्या हवेत ती फार लवकर गंजते. गंजलेल्या चेनवर गिअर चढावरच निसटतो, कारण ताण तिथेच येतो.

मागे लावायची बाळाची सीट घेत असाल तर तिच्यावर छापलेलं वजन वाचा. बहुतेक सीटांची मर्यादा २२ किलोपर्यंत असते. स्पेनच्या नियमाप्रमाणे प्रौढ स्वाराला सात वर्षांपर्यंतचं एक मूल मान्यताप्राप्त सीटवर नेता येतं. मूल आधाराशिवाय स्थिर बसत नसेल तर सीटवर बसवूच नका. बाळाचे पाय चाकाच्या आऱ्यांत जाऊ नयेत म्हणून सीटच्या दोन्ही बाजूंना संरक्षक आडोसे आणि पायांचे पट्टे असतात. पट्टा तुटलेला दिसला तर दुसरी सीट मागा. आणि बाळ बसलेलं असताना सायकल स्टँडवर सोडून कधीही बाजूला जाऊ नका, एक पाऊलसुद्धा नाही. स्टँड रिकाम्या सायकलसाठी असतो. आधी बाळ उतरवायचं, मग सायकल लावायची, हा क्रम घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडला पाहिजे.

मागे ओढायची बाळगाडी आम्ही इथे सुचवत नाही. ती पाऊण मीटरहून रुंद असते, दगडी कुंपणांमधल्या अरुंद वाटांवर अडते, वाळूत ब्रेक लावल्यासारखी धरून ठेवते आणि मुख्य रस्त्यावर गाडीचालकाच्या नजरेच्या खाली जाते.

दुरुस्तीचं सामान प्रत्येक चाकाच्या मापाचं घ्या, कारण कुटुंबात दोन-तीन मापं असतात. त्या त्या मापाची एकेक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, व्हॉल्व्हला बसणारा पंप, षटकोनी चाव्या, आणि मागचं चाक नटाने आवळलेलं असेल तर १५ मिलिमीटरचा पान्हा. हा पान्हा नसेल तर ट्यूब असूनही पंक्चर काढता येत नाही. दुकान किती वाजेपर्यंत मदतीला गाडी पाठवतं आणि त्याचे पैसे लागतात का, हे पावतीवर लिहून घ्या.

उजवीकडून चालणं, आणि बाकीचे नियम

स्पेनमध्ये वाहतूक उजव्या बाजूने चालते. सरळ रस्त्यावर ते जमतं. चुका होतात त्या तीन ठिकाणी: सकाळी पहिल्यांदा फाटकाबाहेर पडताना, समुद्रावरून परत रस्त्याला लागताना, आणि रिकाम्या रस्त्यावर डावीकडे वळल्यावर. मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही. प्रत्येक थांब्यानंतर पुढच्या मोठ्या माणसाने जोरात ‘उजवीकडे’ म्हणायचं आणि मागच्यांनी तसंच म्हणायचं, एवढं पुरतं. वर्तुळाकार चौकात गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. बारा वर्षांखालच्या मुलांसह तिथे उतरून, पादचारी पट्ट्यावरून सायकल ढकलत न्या.

हेल्मेट १६ वर्षांखालील मुलांना सगळीकडे सक्तीचं आहे, मोठ्यांना गावाबाहेरच्या रस्त्यांवर. सायकल चालवताना कानात हेडफोन आणि हातात फोन वापरणं दंडनीय आहे. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि गावाबाहेर अंगावर परावर्तक जाकीट हवं. ओलांडणाऱ्या गाडीने सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचं असतं. बहुतेक जण ठेवतातही, पण मुलाच्या डोलण्याला तेवढं अंतर पुरेल असं धरून चालू नका. आपत्कालीन क्रमांक ११२. बेटावर स्वतःचं रुग्णालय आहे.

रांग अशी: एक मोठा पुढे, मुलं मध्ये, दुसरा मोठा शेवटी आणि मुलाच्या रेषेपेक्षा अर्धा मीटर डावीकडे, म्हणजे मागून येणारी गाडी आधी मोठ्याला वळसा घालते. प्रत्येक दोन सायकलींमध्ये दोन सायकलींची लांबी. पुढच्याने वेग ठरवायचा तो सर्वांत लहान मुलाच्या श्वासावरून: ते बोलत चालवत असेल तर वेग बरोबर, गप्प झालं असेल तर कमी करा.

पीएम-८२० च्या काही भागांत सायकलसाठी वेगळी मार्गिका आहे, पण ती सलग नाही. मुलांसह शक्य तेवढं त्यावरून दूर राहा. बेटावर ‘हिरव्या वाटा’ म्हणून खुणा केलेल्या तीसहून अधिक मार्गांचं जाळं आहे, एकूण शंभराहून जास्त किलोमीटर. पाट्यांवर क्रमांक असतात. बंदरावरच्या पर्यटन कार्यालयातून कागदी नकाशा घ्या. फोनवरचा नकाशा वाळूची वाट आणि डांबरी रस्ता यांत फरक दाखवत नाही, आणि मुलांसाठी तोच फरक मोठा आहे.

पाणी, ऊन, जेवणाची वेळ

अर्ध्या दिवसाला मोठ्या माणसाला दोन लिटर, मुलाला एक ते दीड लिटर पाणी. वाटांवर नळ नाहीत. बेटाचं नळाचं पाणी समुद्राचं पाणी गोडं करून येतं, त्याची चव अनेकांना रुचत नाही; मुलांनी पाणी प्यावं असं वाटत असेल तर पाच किंवा आठ लिटरचा मोठा कॅन गावातून आणून खोलीवर ठेवा आणि रोज सकाळी बाटल्या भरा. एका बाटलीत चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू घाला. तहान लागल्यावर नव्हे, दर वीस मिनिटांनी पाजा.

मागच्या सीटवरच्या बाळाला सकाळी गार होतं आणि दुपारी मोठ्याच्या पाठीआड वारा न लागल्यामुळे उकडतं. पायडल मारणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून दर थांब्याला बाळाच्या मानेला मागून हात लावून पाहा. हेल्मेटखाली मान झाकणारं पातळ कापड लावा. पायांच्या वरच्या बाजूला, गुडघ्यांवर आणि कानांवर सनक्रीम लावायची राहून जाते; सायकलवर जळतं ते नेमकं तिथे.

सकाळी साडेआठला निघा, बारा-साडेबाराला सावलीत या, पाच वाजेपर्यंत बाहेर पडू नका. उन्हाळी वेळेमुळे सूर्य उशिरा मावळतो, जूनमध्ये नऊच्याही नंतर, त्यामुळे संध्याकाळचे तीन-चार तास पुरेपूर मिळतात. छोटी दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि पाचच्या पुढे उघडतात. ब्रेड, फळं, चीज सकाळीच घ्या. उपाहारगृहांत रात्रीचं जेवण साडेआठच्या आत क्वचितच मिळतं. मुलं तोवर झोपतात, म्हणून मोठं जेवण दुपारी करा. इथली शेतकरी पद्धतीची कोशिंबीर, बटाटा, टोमॅटो आणि कडक वाळवलेला पाव घातलेली, पोटभर असते. तिच्यात वाळवलेला मासा असतो. शाकाहारी असाल तर ‘सिन पेस्कादो’ म्हणून सांगा.

पहिला दिवस: तळं आणि मिठागरं

सामान टॅक्सीने मुक्कामी पाठवा आणि ला साविनाहून एस्तान्य पुदेंत या मोठ्या खाऱ्या तळ्याच्या काठाची ‘कामी देस ब्रोल्स’ ही वाट धरा. एस पुजोल्सपर्यंत साधारण ५ किलोमीटर, जवळजवळ सपाट, खडीची. मुलांना नव्या सायकलीची ओळख होण्यासाठी याहून चांगली वाट बेटावर नाही: गाड्या नाहीतच म्हटलं तरी चालेल, आणि पडलं तरी कडेला झुडपं आहेत. तळ्यावर पाणपक्षी भरपूर दिसतात, दुर्बीण वरच्या पिशवीत ठेवा. उन्हाळ्यात पाण्याला वास येतो. काळजीचं काही नाही.

एस पुजोल्सच्या अलीकडे का ना कोस्ता हे दगडी शिळांचं प्रागैतिहासिक थडगं आहे. १९७४ मध्ये सापडलं, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं. पाच मिनिटांत पाहून होतं.

संध्याकाळी इयेतेसच्या किनाऱ्याला जा. वाट जुन्या मिठागरांच्या बाजूने जाते; मिठाचं उत्पादन आता थांबलेलं आहे, पण आखलेली वाफ्यांची जाळी अजून तशीच आहे. हा सगळा भाग सेस सालिनेस निसर्ग उद्यानात येतो. मोटारी आणि स्कूटरना हंगामात आत जायला पैसे पडतात, सायकलींना नाही. शेवटच्या पट्ट्यात वाळू उडून रस्त्यावर येते. वाळू दिसली की वळायचं नाही, पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हलक्या गिअरमध्ये सरळ पायडल मारत राहायचं. चाक रुतलंच तर उतरायचं. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

सायकल स्टँडलाच लावा. दोरीने आखलेल्या टेकड्यांवर नेऊ नका, कारण वाळूला धरून ठेवणारी झुडपं एकदा तुडवली की वारा टेकडी उडवून नेतो. किनाऱ्यावर तपकिरी पानांचे ढीग दिसतील, ती पोसिदोनिया नावाची समुद्री वनस्पती. पाणी इतकं नितळ असण्याचं एक मोठं कारण तीच आहे, आणि तिच्या कुरणांमुळेच १९९९ मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. ढीग लाटांपासून वाळू वाचवतात, उपसू नका. मुलांना उड्या मारायला ते आवडतात, तेवढं चालतं.

एक गोष्ट कठोरपणे पाळा. इयेतेसच्या टोकापासून एस्पाल्मादोर हे छोटं बेट अगदी हाताशी दिसतं आणि मधलं पाणी उथळ वाटतं. चालत किंवा पोहत जाऊ नका. दोन्ही बाजूंच्या समुद्राचं पाणी तिथे एकमेकांवर येतं आणि ओढ मोठ्या माणसालाही वाहून नेते.

दुसरा दिवस: बार्बारियाचं टोक, किंवा फक्त काला साओना

सांत फ्रान्सेस्कहून काप दे बार्बारियाचं दीपगृह साधारण ९ किलोमीटर. चढ इतका सौम्य आहे की जाताना कळत नाही; परतताना वेग आपोआप वाढतो तेव्हा कळतो. शेवटचा भाग उघडा, दगडी माळ आहे. ना झाड, ना दुकान, ना पाणी. उन्हाळ्यात मोटारींना शेवटच्या टप्प्यात बंदी असते, त्यामुळे तो तुकडा सायकलींसाठी फार सुखाचा. सकाळी साडेदहाच्या आत तिथे पोचा. दीपगृहाभोवतीच्या कड्याला कठडा नाही आणि खाली शेकडो फूट समुद्र आहे. जमिनीत एक भोक आहे, ज्यातून खालच्या गुहेत उतरतात. लहान मुलांचा हात धरूनच फिरा, आणि गुहेत उतरायचं असेल तर एका मोठ्याने वरच थांबावं. दहा मिनिटं चालून गेलं की अठराव्या शतकातला टेहळणी बुरूज लागतो.

घरात सात-आठ वर्षांचं मूल स्वतः सायकल चालवत असेल तर दीपगृह सोडून द्या आणि त्याच रस्त्याच्या फाट्यावरून काला साओनाला जा, सांत फ्रान्सेस्कपासून पाचेक किलोमीटर. लाल खडकांमधली लहान खाडी, पाणी हळूहळू खोल होत जाणारं. शेवटी किनाऱ्याकडे चांगला उतार आहे; म्हणजे परतीला तोच चढ, ओल्या कपड्यांत, दमलेल्या पायांनी. आधी खायला द्या, मग निघा.

तिसरा दिवस: एस कालो, आणि हवं तर ला मोला

सांत फेर्रानहून पूर्वेला जाताना मुख्य रस्त्याऐवजी जुनी ला मोलाची वाट, ‘कामी व्हेय दे ला मोला’, घ्या. अंजिराची झाडं दिसतील, फांद्या खांबांवर तोलून चहूबाजूंना पसरलेल्या. खाली मेंढ्या सावलीला बसतात. एस कालोपर्यंत सहा-सात किलोमीटर. बहुतेक कुटुंबांनी इथेच थांबावं. सायकली लावून ‘कामी दे सा पुजादा’ या जुन्या फरसबंद वाटेने चालत वर गेलं की बेटाची अरुंद कंबर आणि दोन्हीकडचा समुद्र एकदम दिसतो. ही वाट सायकलची नाही. फरशा घासून गुळगुळीत झाल्या आहेत.

बारा वर्षांपुढची मुलं किंवा विजेच्या सायकली असतील तर रस्त्याने ला मोला करा. एस कालोनंतर साडेतीन-चार किलोमीटरांत दीडशे मीटरच्या आसपास चढ आहे, नागमोडी, आणि कडेला जागा कमी. सर्वांत हलका गिअर चढ सुरू होण्याआधीच टाका. ताण आल्यावर बदलायला गेलं की चेन पडते. पठारावर आल्यावर दीपगृहापर्यंत सपाट आहे. ते १८६१ पासूनचं. एल पिलारला हंगामात बुधवारी आणि रविवारी हस्तकलेचा बाजार भरतो, तोही दुपार कलल्यावर. बाजार पाहून सायकलने उतरायचं म्हणजे संधिप्रकाशात, परतणाऱ्या गाड्यांबरोबर तो घाट उतरणं. मुलांसह ते करू नका. बाजार बघायचाच असेल तर त्या संध्याकाळी बसने जा.

उतरताना दोन्ही ब्रेक आळीपाळीने, थोडे थोडे दाबा. मुलाच्या हातात कळा आल्या की बोटं सुटतात, म्हणून मध्ये दोनदा थांबून मुठी उघडझाप करायला लावा.

वाऱ्याचा हिशेब

सकाळी हवामान पाहताना तापमानाआधी वाऱ्याची दिशा पाहा. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर, असा मार्ग निवडा. ताजे पाय वाऱ्याशी भांडू शकतात, दमलेले नाही. दुपारी समुद्रावरून वारा वाढतो. ताशी २५ किलोमीटरच्या वर गेला तर उघड्या माळावरचं बार्बारिया आणि इयेतेस दोन्ही रद्द करून झाडीच्या वाटा घ्या. पोहण्यासाठी उलटं पाहायचं: वारा उत्तरेचा असेल तर दक्षिणेचा मिग्जॉर्न किनारा शांत, दक्षिणेचा असेल तर एस कालोजवळचा उत्तर किनारा. बेट इतकं अरुंद आहे की बाजू बदलायला अर्धा तास लागत नाही, आणि फॉर्मेंतेरावर सायकलने फिरण्याचं हे सर्वांत मोठं सुख आहे.

कोणी दमलंच, तर बस आहेत, पण त्यांत सायकल चढवता येईल असं धरून चालू नका. एका मोठ्याने मुलाला घेऊन बसने जायचं, सायकल कुलूप लावून ठेवायची आणि दुकानाला फोन करायचा.

सायकली परत करताना

ओल्या वाळूवरून, पाण्याच्या कडेने सायकल चालवली असेल तर गोड्या पाण्याने हलकेच धुवा, धार चाकाच्या मधल्या भागावर मारू नका. चेनवरची वाळू कोरड्या ब्रशने झाडा; त्यावर तेल घातलं तर ती चिकटून दाते घासते आणि दुकान त्याचे पैसे लावू शकतं. बोटीच्या एक तास आधी ला साविनाला पोचा. पंधरा मिनिटं सायकली परत करायला, पंधरा रांगेला, उरलेली मुलांच्या चपलांतली आणि हेल्मेटच्या गाद्यांतली वाळू झटकायला. अनामत रक्कम कार्डावर अडवलेली असेल तर ती सोडल्याची पावती हातात घेऊनच बोटीकडे वळा.